त्या देवळाची शेवटची पाळी

शारजा,
शनिवार, जेवणाची सुट्टी

प्रिय नाना,

तुम्हाला स्वतःहून पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा पत्रं विलास लिहायचा आणि मी खाली 'सौ. सुलभाचा साष्टांग नमस्कार' एवढं जोडून मोकळी व्हायची. येत्या श्रावणात तुम्हाला जाऊन वर्ष होईल, आणि आत्ता मला पत्र सुचतंय! पण करणार काय? जे विचारायचंय ते तुमच्याशिवाय कुणाला विचारता येणार नाही.

झालं असं, की गेल्या आठवड्यात बाळूभावजींचा फोन आला. तुमचा लाडका पुतण्या तो, इकडच्या तिकडच्या चौकशा न करता सरळ मुद्द्यावर आला. "वहिनी, दसऱ्यापासून पूजेची पाळी तुमच्या घराची. येतास की सोडतास, काय ता एकदाच सांगा. माका तयारी करूक व्हयी."

चार गुरवांच्या चार घरांत वर्षावर्षाने फिरणारी गावच्या देवळाची ती पाळी, फिरून परत आपल्या दाराशी आली आणि दारात तुम्ही नाही! मी फोन विलासच्या हातात दिला. तो म्हणाला, "बघतो रे, इन्शाल्ला." पलीकडे बाळूभावजी गोंधळले. "ह्या काय बोललंस तू?" तुमच्या मुलाला इतक्या वर्षांत इथली ती सवय पुरती लागली आहे. एखादी गोष्ट टाळायची असली की ती देवावर सोपवायची.

फोन ठेवल्यावर तो पुन्हा ड्रॉइंगवर वाकून बसला. हल्ली त्याच्याकडे दुबईच्या मरीनात उभ्या राहणाऱ्या टॉवर्सचं काम आहे, एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज करतो. बराच वेळ पेन्सिल हलली नाही. आणि मला एकदम तुमची ती उम्म अल क्वैनची स्वारी आठवली. तुम्हाला आठवते ना?

तुम्ही आलात तो हिवाळा होता. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं आणि पुढच्या दसऱ्याला पाळी आपल्या घराकडे येणार होती. तुम्ही यायच्या आधी बाळूभावजींनी फोनवर बजावलं होतं, "सांभाळून ऱ्हवा हां! नाना फिरूक येणत नाय. विलासाक न्हेवक येतत." त्यामुळे विमानतळावर तुम्हाला घ्यायला गेलो तेव्हा विलासने उत्तरं पाठ करून ठेवली होती. नोकरी, केतकीची शाळा, सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर व्हिसा खलास होतो ते. गाडी चालवताना त्याचे ओठ हलताना मी पाहिले आहेत.

आणि तुम्ही काय केलंत? विचारलंच नाहीत! पहिल्या आठवड्यात नाही, दुसऱ्यात नाही. तुम्ही आपले आमच्या बाल्कनीत बसून खालच्या बकाल्यातला, म्हणजे किराण्याचा, मल्याळी दुकानदार दुकान किती वाजता उघडतो, अजान झाली की शटर किती खाली ओढतो, याच्या नोंदी तोंडी देत होतात. बाप रे, काय ती चौकस वृत्ती! लिफ्टमध्ये भेटणाऱ्या पठाणाला तुम्ही हिंदीत विचारलंत, "आपके गाव में देव कौन सा?" मी लिफ्टच्या आरशात बघत उभी राहिले. तो बिचारा हसून म्हणाला, "चाचा, वही एक." तुम्हाला ते उत्तर फार आवडलं होतं.

देवळाची बातमी मीच आणली होती. ऑफिसात येणाऱ्या इंग्रजी पेपरात आतल्या पानावर आलं होतं, की उम्म अल क्वैनच्या खाडीजवळ वाळूत परदेशी संशोधकांनी एक देऊळ खणून काढलंय, रोमन काळातलं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही पेजेची वाटी खाली ठेवलीत. "हंय? वाळवंटात देऊळ?" आणि मग, "रोमन म्हंजे किरिस्ताव काय?" विलास म्हणाला, "नाही हो नाना, त्याच्याही आधीचे." तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे आपल्यातलेच."

शुक्रवारी निघालो. सकाळी तुम्ही आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून तयार, आणि हातात पिशवी. पिशवीत नारळ आणि उदबत्त्या. फुलं हवीत म्हणून तुम्ही राउंडअबाउटजवळ गाडी थांबवायला लावलीत. विलासला वाटलं तुम्हाला मळमळतंय. आणि तुम्ही उतरून नगरपालिकेने लावलेली जांभळी फुलं खुडायला लागलात! "नाना, फाइन मारतील! यल्ला, बसा आत!" विलास ओरडतोय, मागची गाडी हॉर्न वाजवतेय, आणि तुम्ही शांतपणे वासाची खात्री करून घेताय. वास नव्हताच त्यांना. "रंग तरी आसा," म्हणत पदरात घ्यावी तशी तुम्ही ती धोतराच्या सोग्यात घेतलीत.

वाटेत विलासने सगळे नियम सांगून टाकले. नारळ फोडायचा नाही, उदबत्ती लावायची नाही, मोठ्याने काही म्हणायचं नाही. परका देश आहे, कुणी बघितलं तर नसता प्रॉब्लेम. तुम्ही मान हलवत होतात. तुमची मान हलली म्हणजे तुम्ही ऐकलंत असं नसतं, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

हमरस्ता सोडल्यावर कडक जमीन संपली तिथे विलासने गाडी उभी केली. पुढे रुतली असती. तो टायर बघत मागे राहिला आणि तुम्ही, मी आणि केतकी चालत पुढे गेलो. काय होतं तिथे? खुरटी झुडपं, उंटांच्या लेंड्या, पायाखाली शिंपल्यांचा आणि खापरांचा चुरा. आणि मधोमध छातीएवढ्या भिंतींचा एक चौकोन, वर आभाळ. मी पुस्तकांत पाहिलेले रोमन खांब, कमानी, यातलं काहीच नव्हतं. खरं सांगू? माझा विरस झाला. एवढ्यासाठी मी डबा करून आणला होता!

तुमचा नाही झाला. तुम्ही चपला काढल्यात, काटे टोचत असतानाही, आणि दारातूनच आत डोकावलात. मग सुरू झाली तुमची तपासणी. दोन दारं कशाला? पाणी बाहेर जायची पन्हळ कुठे? पन्हळ सापडली तर महादेव, नाही तर दुसरा कोणी. एक खाच दिसली आणि तुम्ही जाहीर करून टाकलंत, "महादेवच!" भिंतीवर मोठ्या घडीव दगडांच्या रेघा होत्या. तुम्ही त्यांवरून हात फिरवलात, तर एका ठिकाणी गिलावा निघालेला, आणि आत साधे समुद्रातले ओबडधोबड दगड! गिलाव्यावर रेघा ओढून घडीव दगडाचा आव आणला होता. तुम्ही हसत सुटलात. "सुलभा, ह्यो बघ मोठेपणा! वरसून रोम नि आत गोटे!"

केतकीने तेवढ्यात हिरवट काचेचा एक तुकडा उचलला. नखाएवढा. "आजोबा, लुक! इट्स सो प्रिटी!" तुम्ही तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवलात. "ठेय थंय! देवाच्या जाग्यातला काय उचलूचा नाय!" तिचे डोळे भरले. मग तुम्ही तिच्यापाशी बसून सांगितलंत, की काच तिचीच आहे, पण ठेवायची इथेच. पुन्हा आलीस की बघायची. तिला ते पटलं.

आणि मग तुम्ही देवळाकडे पाठ फिरवून चालायला लागलात! मी विचारलं, "नाना, कुठे?" तुम्ही म्हणालात, "गुरवाचा घर खंय आसा ता बघतंय."

मला इतकं हसू आलं. म्हटलं, नाना, दोन हजार वर्षं झाली! त्यावर तुम्ही कपाळावर हात धरून त्या उजाड माळाकडे बघत म्हणालात, "देऊळ आसा म्हणजे गुरव आसतलोच. नि गुरव काय हवेत ऱ्हवता? हाकेच्या अंतरार घर व्हया. रातीचा दिव्यात तेल घालूक कोण उठतलो?"

नाना, सगळं जग असल्या जागी जातं ते देव बघायला, खांब बघायला. गुरवाचं घर शोधायला जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुमच्यामागून चालताना पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की त्या दगडांच्या चौकोनात रोज सकाळी कुणीतरी झाडलोट केली असेल. थंडीत कुरकुरत. बायकोशी भांडून आलेला असेल. तोपर्यंत ते माझ्या लेखी नुसते अवशेष होते.

आणि तुम्हाला घर सापडलंसुद्धा! थोड्या अंतरावर जमिनीत उतरलेली, दगडांनी बांधलेली एक लहानशी खोली. छप्पर गेलेलं. तुम्ही त्यात उतरलात, चारी भिंती चाचपल्यात, कोपऱ्यात चूल कुठे असेल ते ठरवलंत. "गरीब होतो बिचारो. आपल्यापेक्षाय ल्हान घर." मग ऐसपैस मांडी घालून बसलात आणि मला हुकूम, "जेवक वाढ. गुरवाच्या घराक येवन उपाशी जावचा नाय." विलास आला तोवर आपण पोळी-भाजी खात होतो. त्याने कपाळाला हात लावला. नारळाकडे बघून तुम्ही म्हणालात, "देवाफुडे फोडूचो नाय तर खावचो तरी!" आणि गाडीतला पाना मागून घेऊन तो फोडलात. किती चवीने खाल्लंत खोबरं!

आता ऐका. काल आम्ही तिघं पुन्हा गेलो होतो. बाळूभावजींच्या फोननंतर मला राहवेना. आधी उम्म अल क्वैनच्या संग्रहालयात गेलो, तिथे त्या खोदकामात निघालेल्या वस्तू मांडल्या आहेत. काचेच्या बाटल्या, नाणी, भांडी. रोमहून आलेली काच, आणि आपल्या बाजूची मडकीही! म्हणजे इथून तिथून बोटी जात-येत होत्या. तिथे एक वयस्क सुदानी गृहस्थ होते. मी त्यांना कागदावर नकाशा काढून विचारलं, देवळाजवळ ते गुरवाचं घर आहे ना, त्याबद्दल काही सांगा. ते कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नो हाउस, सिस्टर. ग्रेव्ह. डेड पीपल इनसाइड."

नाना, ते थडगं होतं! तुम्ही थडग्यात मांडी घालून जेवलात! मलाही वाढायला लावलंत! सुतक कुणाचं, किती दिवसांचं, ते आता तुम्हीच तिकडे विचारून ठरवा. मी हसले, विलास हसला, ते सुदानी काकाही हसले. आणि हसता हसता मला रडू आलं, कारण ही गोष्ट सांगितल्यावर सर्वांत जास्त कोण हसलं असतं?

आणखी एक. महादेव नव्हता तो. तिथे एका दगडी कुंडावर जुनी अक्षरं आहेत, त्यातलं एक नाव लागलंय. सूर्य! सूर्याचं देऊळ होतं ते. बांधणारेही रोमन नव्हेत, इथलेच लोक, फक्त गिलाव्याला रोमचा थाट. तुमची पन्हळ चुकली, घर चुकलं. 'आपल्यातलेच' हे मात्र मी तुम्हाला देऊन टाकते. सूर्यनारायण म्हटल्यावर काय वाद घालायचा?

पण त्या दिवशीचं खरं ते पुढे घडलं. निघताना तुम्ही पुन्हा देवळाच्या दारात गेलात. जांभळी फुलं उंबऱ्यावर ठेवलीत, हात जोडलेत आणि विलासचे सगळे नियम बाजूला ठेवून मोठ्याने गाऱ्हाणं घातलंत.

"बा देवा महाराजा! तुझा नाव माका म्हायत नाय. तुझी भाषा म्हायत नाय. पण दारात इलंय तर हाक मारूक व्हयी. हंय जे कोण ल्हानथोर आसत त्यांका सांभाळ. आणि तुझी सेवा करणारो जो कोण शेवटचो होतो, त्याचा काय चुकला आसात तर ता पोटात घाल, महाराजा!"

आणि थांबलात. गाऱ्हाण्याला साथ लागते, आणि तिथे साथ द्यायला गावकरी कुठले? मी ठाण्याची. लग्नानंतर दोन-तीन जत्रांत ऐकलेलं, तेवढंच. पण तुमचे हात तसेच जोडलेले बघून मी म्हटलं, "व्हय महाराजा." केतकीला वाटलं खेळ आहे. ती किंचाळली, "व्हय महाराजा!" विलास मागे वळून हमरस्त्यावर कुणी बघतंय का ते बघत होता.

गाडीकडे येताना तुम्ही मला विचारलंत, अगदी सहज, "काय गो, ह्याची शेवटची पाळी कोणाची आसतली? आदल्या दिवशी कोणीतरी पूजा करून गेलो. दुसऱ्या दिवशी ज्याची पाळी, तो इलोच नाय. तो कोण?"

विलासने ते ऐकलं. त्याने गाडीचं दार उघडता उघडता आपटलं. "नाना, सरळ बोला ना! इतके दिवस मी वाट बघतोय. आडून आडून कशाला?" तुम्ही खरोखर चमकलात. "मी काय बोललंय?" म्हणालात. शारजापर्यंत त्याने गाडी जरा जोरातच हाणली. केतकी मागे झोपून गेली होती.

मी तेव्हा तुमच्यावर थोडी रागावले होते. वाटलं, म्हातारा हुशार आहे, देवळाच्या आडून मुलाला टोचतोय. पण मग पुढचे दिवस तुम्हाला बघितलं आणि माझी खात्री पटली, की तुम्हाला तो प्रश्न खराच पडला होता! तुम्ही त्याच्या मागेच लागलात. बाल्कनीत चहा पिताना नवीन शक्यता. तो आजारी पडला असेल. खाडीचं पाणी मागे हटलं, बोटी यायच्या थांबल्या, गावच उठून गेलं असेल. भावाभावांत भांडण झालं असेल, की पाळी तुझी की माझी, आणि दोघंही गेले नसतील. हे शेवटचं तुम्ही फार विश्वासाने सांगायचात. आपल्याकडची भाऊबंदकी तुम्हाला चांगलीच माहीत.

केतकीने शाळेचा गृहपाठ करता करता तुमचं कोडं सोडवून टाकलं. "मे बी ही गॉट अ बेटर जॉब, आजोबा."

तुम्ही मला अर्थ विचारलात. मी सांगितला. विलास तिथेच शर्टाला इस्त्री करत होता, तो थांबला.  मग केतकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "आसात बाय. बोटीर गेलो आसात. आमच्या बाजूकच इलो आसात कदाचित." आणि समाधानाने मान हलवलीत. त्या माणसाला तुम्ही कधी दोष दिला नाहीत, एवढं मात्र मी लक्षात ठेवलंय.

तुम्ही परत गेलात. विमानतळावरसुद्धा विचारलं नाहीत. आत जाताना वळून विलासला एवढंच म्हणालात, "जेवणाची आबाळ करू नको." त्या दसऱ्यापासून वर्षभर तुम्हीच पाळी केलीत, ते गुडघे घेऊन. नदीवरून पाणी आणायला बाळूभावजींचा आधार घ्यावा लागायचा, हे आम्हाला कळलं तेव्हा वर्ष सरत आलं होतं. का हो नाना? एक शब्द टाकला असतात तर? विलासने नाही म्हटलं असतं, हे मलाही माहीत आहे. पण विचारायला आलेला माणूस न विचारता परत जातो, याला काय म्हणायचं? मी किती रात्री यावर घालवल्या! अभिमान? राग? की आमची ही दोन खोल्यांची धावपळ बघून तुम्हाला कीव आली?

उत्तर बाळूभावजींनी दिलं, तुमच्या तेराव्याला. विलास पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी तर पोचूच शकले नाही, केतकीला गोवर निघाला होता. तुमचं शेवटचं तोंड मला बघायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं, नाना. अजूनही वाटतं. तर तेराव्याला विलासने भावजींना विचारलं, की नाना माझ्यावर रागावून आले होते का? भावजी म्हणाले, गावात सगळ्यांनी नानांना विचारलं होतं, झील काय म्हणालो? तेव्हा तुम्ही म्हणालात,

"मी काय इचारूकच नाय. इचारलंय असतंय तर त्याका 'नाय' म्हणूचा लागला असता. देवाच्या कामाक नाय म्हटल्याचो दोष माझ्या झिलाच्या माथ्यार कित्याक?"

विलासने परत आल्यावर हे मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं आणि मग नळ सोडून कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.

म्हणून गेल्या आठवड्यातला तो फोन आम्हा दोघांना इतका जड गेला. "सोडली" एवढा एक शब्द फोनवर म्हटला असता तर विषय मिटला असता. बाळूभावजी आनंदाने करतील, त्यांचे मुलगे हाताशी आहेत. पण नेमका तोच शब्द तुम्ही त्याच्या तोंडून निघू दिला नव्हता ना!

काल संग्रहालयातून आम्ही देवळाशी गेलो. आता भोवती तारेचं कुंपण आहे. केतकी केवढी उंच झालीय, तारेच्या वरून बघत होती. काच दिसली नाही तिला. विलासने कुंपणाबाहेर चपला काढल्या.  खूप वेळ तो त्या पूर्वेच्या दाराकडे बघत उभा होता. मग एकदम मला म्हणाला, "सुलू, ज्याची पाळी होती तो निदान सांगून गेला असेल का ग?"

"कुणाला?"

"देवाला. की मी चाललो, उद्यापासून येणार नाही. का नुसताच गेला असेल, सकाळी बोटीत बसून?"

बघा नाना, तुमचा प्रश्न आता त्याला लागला! मी म्हटलं, "तू काय केलं असतंस?" तो वाकून चपला घालायला लागला. पण घरी आल्या आल्या बाळूभावजींना फोन लावला. म्हणाला, "बाळ्या, दसऱ्याक येतंय. वर्षभर काय जमाचा नाय, पाळी तुझ्याच हातात देतलंय. पण फोनार नाय. देवासमोर उभो ऱ्हवान देतलंय." इतक्या वर्षांनी मी त्याला घरची बोली बोलताना ऐकलं. साहेबाकडे आज सकाळीच रजेचा अर्ज दिलाय, आणि साहेब नाही म्हणाला तरी जायचं असं ठरलंय.

तुम्हाला हे चालेल का? तुमची सारी धडपड होती त्याला ते बोलावं लागू नये म्हणून, आणि तो आपणहून बोलायला निघालाय. मला रात्रभर वाटत राहिलं, की आपण नानांचं ऐकत नाही आहोत. पण आज सकाळी वाटलं, तुम्ही ज्या ओझ्यापासून त्याला वाचवलंत ते उचलण्याएवढा तो आता मोठा झालाय. गाऱ्हाण्याचे शब्द त्याला पुरते येत नाहीत. चुकेल, अडखळेल. चुकू दे.

तर वचन देते, नाना. दसऱ्याच्या पहाटे आम्ही तिघं नदीवरून पाणी घेऊन देवळात जाऊ. पाळीची पहिली पूजा तुमच्याच घरची होईल, विलासच्या हातून. मग तो जे सांगायचं ते देवाला तोंडावर सांगेल आणि मी शेजारी उभी राहीन. आमच्या घराची वाट बघत त्या देवाला एक सकाळसुद्धा ताटकळावं लागणार नाही.

तुमची सून,
सुलभा